निर्यात केलेले फंक्शन कोणाच्या घरात जाऊन बसते?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम ऐन भरात असताना, रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडमध्ये पेट्यांच्या लेबलांवर वजनाच्या जागी अकरा आकडी संख्या छापून येऊ लागल्या. पाच डझनांच्या पेटीत अडीचशे ग्रॅमचे फळ धरले तर पंधरा किलोच्या आसपास आकडा यायला हवा. इथे प्रत्येक पेटीला वेगळीच अवाढव्य संख्या येत होती, आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की त्याच पेटीची संख्या पुन्हा बदलत होती. वजनकाटा ठीक होता, छपाईचे यंत्र ठीक होते आणि आदल्या दिवशीपर्यंतची लेबलेही ठीक होती. प्रोग्रॅम मीच लिहिलेला असल्यामुळे शोध माझ्यापाशीच येऊन थांबत होता. आदल्या रात्री मी एकच बदल केला होता. ग्रॅमचे किलो करून देणारे एक छोटे फंक्शन माझ्याच दुसऱ्या एका मॉड्यूलमधून पेटीच्या क्लासमध्ये आणले होते, आणि त्या फंक्शनचे नाव होते ‘वजन’.

त्या दिवशी दुपारी वाशीला जाणारा ट्रक दोन तास उभा राहिला. कारण सापडल्यावर लक्षात आले की हा विषय शिकवताना आपण फार घाईने पुढे जातो. कोकणातल्या महाविद्यालयांमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘फंक्शन इम्पोर्ट करा’ एवढी ओळ पाठ असते. पण त्या ओळीने कोणाच्या घरात काय येऊन बसते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेख, तोही अगदी मुळापासून.

आधी लागणारे शब्द

फंक्शन म्हणजे नाव दिलेले एक काम. नावाने हाक मारली आणि लागणारा माल हाती दिला की ते काम करून उत्तर परत देते. अशी कामे एकत्र ठेवलेली फाईल म्हणजे मॉड्यूल. क्लास म्हणजे एखाद्या वस्तूचा आराखडा, उदाहरणार्थ पेटीत किती फळे असतील, प्रत कोणती, बाग कोणाची. त्या आराखड्यावरून तयार झालेली प्रत्यक्ष एक पेटी म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टला उद्देशून सांगितलेले काम, जसे ‘हे पेटी, तुझे वजन सांग’, त्याला मेथड म्हणतात. फंक्शन आणि मेथड यांतला फरक कागदावर स्वच्छ दिसतो. सगळा घोटाळा होतो तो या दोघांना एकाच वहीत नोंदवले जाते म्हणून.

ही वही म्हणजे काय, ते सांगतो. आपले उदाहरण पर्ल या भाषेतले आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तिची पाचवी आवृत्ती, जिच्यात ऑब्जेक्टची सोय आली, १९९४ मधली आहे. पर्लमध्ये प्रत्येक पॅकेजपाशी, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्र नाव दिलेल्या भागापाशी, नावांची एक वही असते. ‘अमुक नाव म्हणजे अमुक काम’ अशा नोंदी तिच्यात असतात. पर्लमध्ये क्लास म्हणजेसुद्धा एक पॅकेजच. त्यामुळे क्लासच्या मेथडी आणि त्या क्लासने बाहेरून मागून आणलेली फंक्शन्स एकाच वहीत, एकाच शाईने लिहिली जातात. हे वाक्य लक्षात राहिले तर पुढचा सगळा लेख त्याच्यातूनच निघतो.

आंब्याची निर्यात आणि नावाची निर्यात

निर्यात हा शब्द ऐकला की आपल्याकडे डोळ्यांसमोर हापूस येतो. बागेतून आंबा उतरतो, पेटीत बसतो, जहाजावर किंवा विमानात चढतो आणि बागेत उरत नाही. प्रोग्रॅममधली निर्यात तशी नाही. फंक्शन जिथे लिहिले तिथेच राहते. फक्त त्याचे नाव समोरच्याच्या वहीत लिहिले जाते आणि त्या नावापुढे ‘मूळ काम तिकडे आहे’ अशी खूण होते. म्हणजे निर्यात करणारा स्वतःचा माल देत नसतो, तो दुसऱ्याच्या वहीत हात घालून नोंद करत असतो. ज्याच्या वहीत नोंद होते त्याने ‘यूज’ ही एक ओळ लिहून त्याला परवानगी दिलेली असते, एवढेच.

पर्लबरोबर ‘एक्सपोर्टर’ नावाचे मॉड्यूल येते आणि ते दोन याद्या ठेवू देते. पहिल्या यादीतली नावे न मागताच वहीत जातात. दुसऱ्या यादीतली नावे मागितली तरच जातात. पॅकिंग शेडमध्ये जसा प्रत्येक आंबा पेटीत जात नाही, डागी फळ बाजूला पडते, कॅनिंगचा माल वेगळा निघतो, तसेच इथेही वेचून घेणे अपेक्षित आहे. एक्सपोर्टरच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत सबळ कारण नसताना काहीही न मागता पाठवू नये असे लिहिलेले आहे, आणि मेथडींची नावे तर निर्यात करूच नयेत अशी ताकीद आहे. मी माझे ‘वजन’ पहिल्या यादीत ठेवले होते.

मूज आणि भाषेत नसलेले शब्द

पर्लमध्ये क्लास लिहिणे पूर्वी फार कष्टाचे होते, कारण भाषेने सोय दिली होती पण शिस्त दिली नव्हती. २००६ मध्ये स्टीव्हन लिटल यांनी मूज नावाची चौकट आणली. चौकट म्हणजे इंग्रजीतले फ्रेमवर्क. ठरावीक पद्धतीने काम करण्यासाठी आधीच उभा करून दिलेला सांगाडा. मूज वापरणाऱ्या फाईलमध्ये सुरुवातीला ‘यूज मूज’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली ‘हॅज’, ‘एक्सटेंड्स’, ‘विथ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अराउंड’ असे शब्द येतात. ‘हॅज’ म्हटले की क्लासला एक गुणधर्म मिळतो. ‘एक्सटेंड्स’ म्हटले की तो दुसऱ्या क्लासचा वारस होतो, म्हणजे त्या वडील क्लासच्या मेथडी यालाही मिळतात.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. पर्लच्या पुस्तकात ‘हॅज’ शोधला तर सापडत नाही. मग तो भाषेचा शब्द कसा? तो भाषेचा शब्द नाहीच. ते एक साधे फंक्शन आहे, मूजने ‘यूज’च्या क्षणी आपल्या वहीत लिहून ठेवलेले. दिसायला व्याकरणाचा भाग वाटावे म्हणून कंस वगळून लिहिण्याची पद्धत आहे. हे एकदा कळले की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: असे शब्द मूजला तयार करता येतात, तर मला का येऊ नयेत?

येतात, आणि त्यासाठी मूजने ‘मूज एक्सपोर्टर’ हे वेगळे मॉड्यूल दिले आहे. पॅकिंगच्या प्रोग्रॅममध्ये पेटी, बाग, ट्रकची खेप, कॅनिंगचा माल अशा अनेक क्लासांत वजनाचा गुणधर्म लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे नियम तेच असतात: संख्या हवी, शून्यापेक्षा जास्त हवी, भरल्याशिवाय पुढे जाता कामा नये. हे चार ओळींचे वर्णन दर वेळी लिहिण्याऐवजी मी ‘वजनी’ असा एक शब्द बनवला. ‘वजनी निव्वळ’ एवढे लिहिले की तो क्लास ‘निव्वळ’ नावाचा, सगळ्या नियमांसह बांधलेला गुणधर्म मिळवतो. शिवाय ‘डझनात’ असे एक फंक्शन आहे, जे फळांची संख्या घेऊन डझन आणि सुटी फळे सांगते. दोन्ही एकाच मॉड्यूलमधून निर्यात होतात. पण दोन्हींची जात वेगळी आहे, आणि विषय खरा समजतो तो इथेच.

खवणी आणि शाकारणी

शेजाऱ्याकडून खवणी मागून आणली तर ती कोणाच्या स्वयंपाकघरात ठेवली आहे याने काही बिघडत नाही. नारळ द्या, खोबरे मिळते. ‘डझनात’ हे फंक्शन खवणीसारखे आहे. एकसष्ट फळे दिली की पाच डझन आणि एक सुटे एवढे उत्तर ते कोणत्याही क्लासमध्ये देईल. मूज एक्सपोर्टरमध्ये अशा फंक्शन्सची नावे ‘ॲज इज’ या यादीत लिहितात, म्हणजे जसे आहे तसे पाठवा.

मिरगाआधी घर शाकारणाऱ्या माणसाचे तसे नसते. त्याला आधी कळायला हवे की घर कोणाचे, छप्पर किती पाखी, कोणत्या कोनात गळते, कौले नळ्याची आहेत की मंगलोरी. हात तेच, कसब तेच, पण घर कळल्याशिवाय काम सुरूच होऊ शकत नाही; आणि चुकीच्या घरावर चढला तर शेजाऱ्याचे छप्पर शाकारले जाईल आणि आपले गळत राहील. ‘वजनी’ हा शब्द शाकारणीसारखा आहे. तो एका क्लासमध्ये नवा गुणधर्म बांधतो, म्हणून कोणत्या क्लासमधून त्याला हाक आली हे त्याला कळलेच पाहिजे. अशा फंक्शन्ससाठी ‘विथ मेटा’ ही दुसरी यादी आहे.

मेटा म्हणजे क्लासचे स्वतःचे खातेपत्रक. मूजमध्ये प्रत्येक क्लासबद्दल एक वेगळा ऑब्जेक्ट असतो, ज्याच्यात त्या क्लासचे गुणधर्म कोणते, मेथडी कोणत्या, वडील क्लास कोणता, हे सगळे नोंदवलेले असते. ‘विथ मेटा’ यादीतल्या फंक्शनला हाक मारली की मूज एक्सपोर्टर आपण दिलेल्या मालाच्या आधी हे खातेपत्रक त्याच्या हातात ठेवतो. त्यामुळे मी लिहिताना ‘वजनी निव्वळ’ असे दोनच शब्द लिहितो, पण आतल्या फंक्शनला तीन गोष्टींचे भान असते: घर कोणाचे, काम कोणते आणि गुणधर्माचे नाव काय.

ही सोय नसेल तर फंक्शनला स्वतःच मागे वळून ‘मला कोणी हाक मारली’ असे भाषेला विचारावे लागते. पर्लमध्ये तसे विचारता येते, आणि साध्या प्रसंगात उत्तरही बरोबर येते. पण मध्ये आणखी एक फंक्शन आले, म्हणजे पेटीने ‘क’ला हाक मारली आणि ‘क’ने ‘वजनी’ला, की उत्तर ‘क’चे घर असे येते आणि गुणधर्म भलत्याच ठिकाणी बांधला जातो. मूज एक्सपोर्टर हे घर ‘यूज’ची ओळ वाचली जाते त्या क्षणीच ठरवून ठेवतो, म्हणून नंतर मध्ये कोण आले याचा त्रास होत नाही. माझ्या मते स्वतःचे शब्द बनवू पाहणाऱ्याने हे एक कारण नीट समजून घेतले तरी मूज एक्सपोर्टर का वापरावा याबद्दल आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही.

तिसरी यादी ‘ऑल्सो’ची. तिच्यात ‘मूज’ लिहिले की आपले मॉड्यूल वापरणाऱ्याला आपल्या शब्दांबरोबर मूजचे सगळे शब्दही मिळतात. त्यामुळे पेटीच्या फाईलमध्ये दोन ओळींऐवजी एकच ‘यूज’ची ओळ पुरते.

अकरा आकडी वजन कुठून आले

आता त्या लेबलांकडे परत येऊ. प्रोग्रॅममध्ये ‘माल’ नावाचा एक वडील क्लास होता आणि त्याच्यात ‘वजन’ नावाची मेथड होती, जी आतल्या फळांचे वजन जुळवून किलोत सांगत असे. ‘पेटी’ हा त्याचा वारस. पेटीच्या स्वतःच्या वहीत ‘वजन’ नव्हते, म्हणून ‘हे पेटी, तुझे वजन सांग’ म्हटले की पर्ल आधी पेटीची वही बघे, तिथे न सापडल्यामुळे मालाची वही उघडे आणि योग्य मेथड चालवे.

आदल्या रात्री मी जे मॉड्यूल आणले ते जुन्या एक्सपोर्टरवर बेतलेले होते आणि त्याने पेटीच्या वहीत ‘वजन’ असे नाव लिहून टाकले. ते फंक्शन होते, मेथड नव्हती. पण वहीत दोघांची नोंद सारखीच दिसते हे वर सांगितलेच आहे. सकाळी लेबल छापताना पर्लने पेटीची वही उघडली, ‘वजन’ सापडले आणि मालाकडे जाण्याची त्याला गरजच उरली नाही. त्या फंक्शनला ग्रॅम हवे होते. मेथडीला हाक मारताना मात्र पहिली गोष्ट म्हणून ऑब्जेक्ट स्वतः दिला जातो, म्हणून ग्रॅमच्या जागी अख्खी पेटी त्याच्या हाती आली. पर्लमध्ये ऑब्जेक्टचा संदर्भ संख्या म्हणून वापरला तर त्याचा मेमरीतला पत्ता मिळतो, आणि आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर तो सहज चौदा आकडी असतो. त्याला १००० ने भागले की अकरा आकडी ‘किलो’. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की पत्ता बदलतो, म्हणून वजनही बदलत होते.

भाषेने एकही इशारा दिला नाही, आणि नियमाने पाहिले तर तिचे चुकले नाही. पेटीच्या वहीत आधीचे ‘वजन’ नसल्यामुळे तिथे काही पुसले गेले नव्हते. वारसाने वडिलांची मेथड बदलून स्वतःची ठेवणे ही तर ऑब्जेक्टच्या पद्धतीत मान्य गोष्ट आहे, आणि भाषेच्या दृष्टीने मी तेच केले होते.

काम झाल्यावर परांची उतरवणे

घर बांधताना भिंतीला लागून परांची उभी करतात आणि काम झाले की उतरवतात. तिच्यावर चढून कोणीही खिडकीतून आत येऊ नये हेही त्यामागचे एक कारण असते. निर्यात केलेल्या नावांचेही तसेच करता येते. मूज वापरणाऱ्या फाईलच्या शेवटी ‘नो मूज’ अशी ओळ लिहितात, तेव्हा मूजने लिहिलेले शब्द वहीतून खोडले जातात. मूज एक्सपोर्टरने बनवलेल्या मॉड्यूलला ही खोडण्याची सोय आपोआप मिळते. खोडताना तो तपासतो की हे नाव आजही आपल्याच फंक्शनकडे बोट दाखवते का. मध्यंतरी क्लासने त्याच नावाची स्वतःची मेथड लिहिली असेल तर तिला तो हात लावत नाही.

जुन्या एक्सपोर्टरवरच्या मॉड्यूलला ही सोय नसते. तिथे ‘नेमस्पेस ऑटोक्लीन’ हे मॉड्यूल कामाला येते. ते फाईल वाचून संपताना बाहेरून आलेली सगळी फंक्शन्स वहीतून काढते आणि क्लासच्या खऱ्या मेथडी ठेवते. पेटीच्या फाईलमध्ये मी अखेर हीच एक ओळ घातली आणि ट्रक निघाला.

इथे एक रास्त शंका येते. नाव खोडल्यावर, त्याच फाईलमध्ये वर ‘वजन’ वापरून लिहिलेली वाक्ये चालतील कशी? ती चालतात, कारण पर्ल फाईल वाचत असतानाच साध्या फंक्शनची हाक मूळ कामाशी बांधून टाकतो. त्यानंतर वहीची गरज त्या वाक्याला उरत नाही. मेथडीची हाक मात्र प्रत्यक्ष चालताना वही उघडून शोधली जाते. म्हणून नाव खोडल्यावर फाईलच्या आतले काम अबाधित राहते आणि बाहेरून मेथड म्हणून येणारी हाक पुन्हा वडिलांकडे, म्हणजे ‘माल’कडे जाते.

मग निर्यात करायचीच कशाला?

हा आक्षेप मला अनेकांनी घेतला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मॉड्यूलचे पूर्ण नाव लिहून फंक्शनला हाक मारता येते, तेव्हा वहीत काहीच लिहावे लागत नाही आणि वाचणाऱ्यालाही काम कुठून आले ते लगेच दिसते. खवणीच्या जातीच्या फंक्शन्ससाठी मी आता बहुतेक वेळा तसेच करतो. शाकारणीच्या जातीला ते जमत नाही, कारण पूर्ण नावाने थेट हाक मारली तर खातेपत्रक हातात ठेवणारा मधला कोणी उरत नाही आणि ते आपणच दर वेळी द्यावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, हीच मदत वडील क्लासमध्ये मेथड म्हणून ठेवली तर वेगळा शब्द कशाला? कारण वेळ वेगळी आहे. मेथड ही तयार पेटीसाठी असते. ‘वजनी’ हे काम पेटीचा आराखडा आखला जात असतानाचे आहे. तेव्हा एकही पेटी अस्तित्वात नसते. शिवाय वडील क्लासमध्ये ठेवलेली मदतनीस मेथड सगळ्या वारसांच्या सगळ्या ऑब्जेक्टना कायमची चिकटते, आणि पेटीला ‘डझनात’ अशी हाक मारता येणे याला काहीच अर्थ नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: असे घरगुती शब्द वाढले की नवीन माणसाला फाईल वाचताच येत नाही. हे खरे आहे. ‘वजनी’ कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, तो फक्त आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की घरगुती शब्द फक्त आराखडा आखण्यासाठी असावेत, हिशेबासाठी नसावेत. ते एका हाताच्या बोटांवर मोजता यावेत. आणि ते जिथे लिहिले त्या मॉड्यूलमध्ये प्रत्येकाचा अर्थ साध्या मराठीत लिहून ठेवावा. पुढच्या हंगामात माझ्या जागी दुसरे कोणी बसेल तेव्हा त्याला मला फोन करावा लागू नये.

इतर भाषांमध्ये हेच घडते का?

वही एकच असण्याची अडचण सर्वत्र नाही. पायथनमध्ये फाईलची वही आणि क्लासची वही वेगवेगळ्या असतात, त्यामुळे फाईलमध्ये आणलेले ‘वजन’ हे पेटीची मेथड होत नाही. मात्र ‘सगळे आणा’ म्हणजे तारा (*) टाकून आयात केली तर फाईलच्या वहीत नावे एकमेकांवर चढतात. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या मानकापासून मॉड्यूलने जे नाव स्पष्टपणे निर्यात केले तेच बाहेर दिसते, आणि घेणारा ते दुसऱ्या नावाने घेऊ शकतो. पर्लमध्येही २०२३ च्या ५.३८ आवृत्तीपासून, मॉड्यूलला आपले फंक्शन पॅकेजच्या वहीत न लिहिता फक्त वापरणाऱ्याच्या त्या फाईलपुरते देण्याची नवी सोय आली आहे. अशा तऱ्हेने दिलेले नाव मेथड शोधताना दिसतच नाही. माझ्या चुकीवर हा खरा उपाय झाला असता. पण शेडमधल्या संगणकावर जुनी आवृत्ती आहे आणि हंगामाच्या मध्ये ती बदलणे मी योग्य मानत नाही.

म्हणून तिथे सध्या एक छोटी तपासणी बसवली आहे. मूजच्या कोणत्याही क्लासला ‘कॅन’ या मेथडीने विचारता येते की अमुक नावाची हाक तुला कळते का. रोज सकाळी पहिली पेटी काट्यावर चढण्याआधी प्रोग्रॅम पेटी, बाग आणि खेप या तिन्ही क्लासांना ‘डझनात’बद्दल आणि मदतनीस मॉड्यूलमधल्या इतर प्रत्येक नावाबद्दल हे विचारतो. एखाद्या नावाला ‘हो’ असे उत्तर आले, तर ते हो म्हणणारे काम मदतनीस मॉड्यूलमधले आहे की क्लासचे आणि त्याच्या वडिलांचे, हे तो जुळवून पाहतो. मदतनीस मॉड्यूलमधले निघाले तर लेबल छापणे सुरूच होत नाही आणि पडद्यावर त्या क्लासचे आणि त्या शब्दाचे नाव येते.